दाताचे मुद्दल



व्यापारी घरात रोजमेळ जितक्या निगुतीने लिहिला जातो, तितक्या निगुतीने तोंडातील बत्तिशीकडे पाहिले जात नाही. दुकानाच्या वेळा, सणासुदीची गर्दी, लग्नसराई, मालाची आवक, या सगळ्यांत दाढेचे दुखणे नेहमी शेवटच्या पानावर जाते. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण हसत हसत उच्चारतो; पण आयुष्यभर कष्ट करून चार पैसे गाठीला बांधलेल्या कितीतरी ज्येष्ठांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी ठरलेली मी पाहिली आहे.

आमचे धाड हे गाव बुलडाणा तालुक्याच्या टोकाला, मराठवाड्याच्या शिवेलगत आहे. बाजारपेठ चांगली, व्यवहार रोखठोक; परंतु दाताच्या विशेष उपचारासाठी बुलडाणा, चिखली, जालना नाहीतर थेट छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. अलीकडे तेथून परतणारी मंडळी एक नवा शब्द घेऊन येतात. ‘संगणकावर दात बनवला’ असे सांगतात. तोंडात पांढरा लगदा भरून माप घेतले नाही, एक कांडी फिरवली आणि समोरच्या पडद्यावर आपलीच बत्तिशी रंगीत दिसू लागली, असे वर्णन असते. सोबत तीन प्रश्नही असतात. संगणकाची कॅप खरोखर चांगली असते का? ती महाग का? आणि डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्या साऱ्या कॅप लागतातच का? या लेखात या तीन प्रश्नांचा ताळेबंद मांडावा, असा विचार आहे.

प्रथम जुनी पद्धत लक्षात घेऊ, म्हणजे नव्या पद्धतीने नेमके काय बदलले ते कळेल. दाढेवर कॅप बसवायची तर डॉक्टर आधी ती दाढ चारही बाजूंनी आणि वरून घासून बारीक करतात. मग अल्जिनेट किंवा सिलिकॉनच्या लगद्यात तिचे माप घेतात. त्या मापात प्लास्टर ओतून दाढेची प्रतिकृती तयार होते. प्रयोगशाळेतील कारागीर त्या प्रतिकृतीवर मेणाची कॅप घडवतो, मेणाभोवती साचा बांधतो, भट्टीत मेण वितळवून घालवतो आणि त्या पोकळीत धातू ओततो. धातूवर चिनी मातीसारख्या पोर्सिलेनचा थर चढवून पुन्हा भाजतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरी सराफी आहे, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. दागिन्याचे ओतकाम याच रीतीने होते. या साखळीत अडचण एवढीच की प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी चूक साचते. लगदा किंचित आक्रसतो, प्लास्टर किंचित फुगते, मेण तापमानाप्रमाणे बदलते. कारागीर कसबी असेल तर तो या साऱ्या चुका एकमेकींशी तोलून घेतो. नसेल तर कॅप बसत नाही, आणि रुग्णाला पुन्हा एस.टी. पकडावी लागते.

ही साखळी तोडावी, लगद्याऐवजी प्रकाशाने माप घ्यावे, ही कल्पना प्रथम नीट मांडली ती फ्रान्समधील फ्रांस्वा ड्युरे या दंतवैद्याने. १९७३ साली लियाँ येथे सादर केलेल्या आपल्या प्रबंधात त्याने प्रकाशाने घेतलेल्या मापाची संकल्पना मांडली. त्या काळी संगणक खोलीएवढे असत, त्यामुळे कल्पना कागदावर राहिली. पुढे स्वित्झर्लंडमधील झुरिच विद्यापीठात वेर्नर म्योरमान हे दंतवैद्य आणि मार्को ब्रांडेस्टिनी हे विद्युत अभियंता एकत्र आले आणि त्यांनी रुग्णाच्या खुर्चीशेजारी ठेवता येईल असे यंत्र घडवले. सप्टेंबर १९८५ मध्ये त्या यंत्राने कोरलेले सिरॅमिकचे पहिले भरण एका रुग्णाच्या दातात त्याच बैठकीत बसवले गेले. या यंत्राचे नाव ‘सेरेक’. पुढे जर्मनीतील सीमेन्स कंपनीने त्याचा परवाना घेतला आणि ते जगभर गेले. म्हणजे आज आपल्याला नवीन वाटणारी ही विद्या चाळीस वर्षांची झाली आहे. तिच्यावर पुरेसे पाणी वाहून गेले आहे, हे आपल्या दृष्टीने चांगलेच.

आता आजची पद्धत पाहू. तोंडात फिरवली जाणारी कांडी म्हणजे स्कॅनर. तिच्या टोकाशी आरसा आणि कॅमेरा असतो. ती दातांवर विशिष्ट प्रकाश टाकते, अतिशय वेगाने चित्रे टिपते आणि संगणक ती चित्रे एकमेकांना जोडून दातांचा लांबी-रुंदी-उंची असलेला नकाशा तयार करतो. हा नकाशा बहुधा ‘एसटीएल’ नावाच्या फाइलमध्ये साठवला जातो. पडद्यावर तंत्रज्ञ त्या नकाशावर कॅपचा आकार बेततो. समोरच्या दाढेशी ती कोठे टेकेल, शेजारच्या दाताशी किती सलगी ठेवील, हे आधीच पाहतो. मग संगणकाच्या आज्ञेने चालणारे यंत्र सिरॅमिकच्या वडीतून ती कॅप कोरून काढते.

या वडीची गोष्ट सराफांना विशेष रंजक वाटेल. आज सर्वाधिक बोलबाला असलेला पदार्थ म्हणजे झिर्कोनिया. बाजारात ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून जो खडा विकला जातो, तोही झिर्कोनियाच. फक्त त्याची स्फटिकरचना वेगळी असते. दातासाठीच्या झिर्कोनियात यिट्रियाचे अल्प प्रमाण मिसळून त्याला चिवटपणा आणलेला असतो. कोरताना ही वडी खडूसारखी मऊ असते. म्हणून कॅप मुद्दाम सुमारे २० ते २५ टक्के मोठी कोरतात. मग ती सुमारे १,५०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत कित्येक तास भाजतात, तेव्हा ती आक्रसून नेमक्या मापाला येते आणि दगडाहून कठीण होते. दुसरा पदार्थ लिथियम डायसिलिकेट. तो झिर्कोनियाइतका बळकट नाही, पण दिसायला नैसर्गिक दातासारखा पारदर्शी असतो आणि दाताला चिकटवता चांगला येतो. म्हणून चावण्याचा भार सोसणाऱ्या मागच्या दाढेला एक आणि हसताना दिसणाऱ्या पुढच्या दाताला दुसरा, अशी निवड पुष्कळदा केली जाते. महाग तेच सर्वत्र उत्तम, असा येथे हिशेब नाही.

धाडसारख्या गावाला या बदलाचा खरा लाभ कोणता? माझ्या मते तो अंतराचा आहे. प्लास्टरची प्रतिकृती कुरियरने जात असे, वाटेत तडकत असे. फाइल काही मिनिटांत जाते आणि तडकत नाही. केरळातील मूवाट्टुपुळा या लहानशा गावात १९८८ साली सुरू झालेली डेंटकेअर ही प्रयोगशाळा आज देशातील मोठ्या दंत प्रयोगशाळांपैकी एक गणली जाते. महानगरात नसूनही एखादी प्रयोगशाळा देशभरच्या दंतवैद्यांचे काम करू शकते, हे तिने दाखवून दिले. स्कॅनर असलेला दंतवैद्य तालुक्याच्या गावी असला, तरी त्याच्या रुग्णाची कॅप मुंबई-पुण्याच्या किंवा केरळच्या प्रयोगशाळेत घडू शकते. माप चुकले तर रुग्ण खुर्चीत असतानाच पडद्यावर दिसते आणि तेवढाच भाग पुन्हा टिपता येतो. पूर्वीच्या तीन-चार फेऱ्यांच्या जागी बहुधा दोन पुरतात. वयस्कर मंडळींना, मधुमेहींना आणि दुकान एकट्याच्या जिवावर चालवणाऱ्यांना या वाचलेल्या फेरीची किंमत वेगळी सांगायला नको. ज्यांना लगद्याने उमळून येते, त्यांचीही सुटका होते. पूर्ण कवळीसुद्धा आता अशाच फाइलवरून करता येते. ती प्रवासात हरवली तर जपून ठेवलेल्या फाइलवरून दुसरी घडवता येते.

इतके गुण सांगितल्यावर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नफ्याची बाजू तेवढी दाखवून ताळेबंद पुरा होत नाही. पहिली मर्यादा अशी की स्कॅनरला दिसते तेवढेच कळते. घासलेल्या दाढेची कडा हिरडीखाली दडली असेल, तेथे रक्त किंवा लाळ असेल, तर प्रकाश तेथे पोचत नाही आणि संगणक अंदाजाने रेघ जोडतो. हिरडी अलगद बाजूला सारणे, जागा कोरडी ठेवणे, कडा स्वच्छ घासणे हे काम डॉक्टरांच्या हाताचेच आहे. कॅप आणि दात यांच्यातील फट १२० मायक्रॉनच्या आत असावी, असा एक मापदंड १९७१ पासून दंतशास्त्रात मानला जातो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १२० मायक्रॉन म्हणजे एक-दोन केसांची जाडी. चांगल्या हातात संगणकीय पद्धत ही मर्यादा सहज पाळते; घाईच्या हातात सर्वांत महाग यंत्रही ती पाळू शकत नाही. या फटीतूनच पुढे कीड शिरते, म्हणून हा केसाएवढा प्रश्न मोठा आहे.

दुसरी मर्यादा, एक-दोन दातांचे माप स्कॅनर फार चांगले घेतो. संपूर्ण जबड्याचे माप घेताना मात्र जोडलेल्या चित्रांतील बारीक चुका साचत जातात. तिसरी, स्कॅनर केवळ पृष्ठभाग दाखवतो. आत किती कीड आहे, मुळाशी काय चालले आहे, हे पाहायला क्ष-किरण चित्रच लागते. चौथी मर्यादा आपल्या सवयीशी निगडित आहे. तंबाखूला हात न लावणाऱ्या आपल्या कित्येक घरांत जेवणानंतर सुपारी मात्र निरुपद्रवी मानली जाते. ती निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरवले आहे. सततच्या सुपारीने गालाची आतली त्वचा कडक होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. अशा तोंडात ना स्कॅनरची कांडी नीट फिरते, ना डॉक्टरांचे हत्यार. सुपारीच्या खांडाने दाढ तडकते ते निराळेच. दातावरचा सर्वांत स्वस्त उपचार विचाराल तर तो सुपारीचा डबा घराबाहेर काढणे हा आहे.

आता तिसऱ्या आणि सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळू. सांगितल्या तेवढ्या कॅप लागतातच का? बँकेत मुद्दल आणि व्याज यांत आम्ही नेहमी भेद करत असू. कॅप, भरण, सिमेंट हे सारे पुन्हा करता येते; ते व्याजासारखे. परंतु घासून काढलेला मूळ दात पुन्हा उगवत नाही, ते मुद्दल. एडेलहोफ आणि सोरेन्सन या दोन संशोधकांनी वेगवेगळ्या पद्धतींत दाताचा किती भाग जातो याचे मोजमाप २००२ साली प्रसिद्ध केले. पूर्ण कॅपसाठी दाताच्या वरच्या भागाचा सुमारे दोन तृतीयांश ते पाऊण हिस्सा घासला जातो, असे त्यांना आढळले. दातावरचा केवळ खराब भाग काढून तेवढाच तुकडा बसवण्याच्या पद्धतींत, ज्यांना इनले आणि ऑनले म्हणतात, याहून पुष्कळ कमी दात जातो. संगणकीय पद्धतीने असे बारीक तुकडे नेमके कोरणे सुलभ झाले आहे. म्योरमान यांच्या यंत्राचे पहिले काम कॅपचे नव्हते, भरणाचे होते, हे येथे आठवावे. म्हणजे ज्या यंत्राने दात वाचवता येतो त्याच यंत्राने तो सहज घासलाही जातो. भेद यंत्रात नसून निर्णयात आहे.

याचा अर्थ कॅप टाळावी असा मुळीच नाही. रूट कॅनाल झालेल्या दाढेचा बराच भाग किडीने आणि उपचाराने आधीच गेलेला असतो; उरलेल्या पातळ भिंती चावण्याच्या जोराने फुटतात. याविषयी अक्विलिनो आणि कॅप्लन यांचा अभ्यास २००२ सालीच प्रसिद्ध झाला. रूट कॅनाल करून कॅप न बसवलेले दात कॅप बसवलेल्या दातांच्या सहापट वेगाने गमवावे लागतात, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून गरज नसता कॅप बसवणे जसे मुद्दल गमावणे आहे, तसेच गरज असता न बसवणेही मुद्दल गमावणेच आहे.

दोन्ही प्रकारची उदाहरणे आमच्याच परिसरातील आहेत. एका किराणा व्यापाऱ्याच्या पत्नीची खालची दाढ रूट कॅनाल करून वाचवली गेली. ठणका थांबला, आणि दुखणे संपले म्हणजे उपचार संपला असे घरात ठरून गेले. आधी दिवाळीचा हंगाम, मग पुतणीचे लग्न, मग सासूबाईंचे आजारपण; कॅप राहून गेली. चौदा महिन्यांनी भाजलेला हरभरा चावताना ती दाढ उभी चिरली. चीर मुळापर्यंत गेल्याने ती काढावी लागली. आता रिकाम्या जागेसाठी दोनच वाटा उरल्या. एक तर जबड्यात इम्प्लांट, नाहीतर पूल. आणि पुलासाठी शेजारचे दोन्ही धडधाकट दात घासावे लागणार. एका कॅपचा खर्च पुढे ढकलला आणि खर्चाचा आकडा तिपटीवर गेला. त्या घरात पैशाची तंगी नव्हती. घरातील बाईचे दुखणे हंगामाच्या आड येऊ नये, ही न बोललेली समजूत तेवढी होती. ती समजूत आपण प्रत्येकाने आपापल्या घरात तपासून पाहावी.

दुसरे उदाहरण एका कापड व्यापाऱ्याचे. शहरातील एका आधुनिक दवाखान्यात त्यांचे दात स्कॅन झाले. पडद्यावर झिजलेल्या, डागाळलेल्या दाढा मोठ्या करून दाखवल्या गेल्या आणि पाच कॅप सुचवल्या गेल्या. अंदाजपत्रक सत्तर हजारांच्या घरात. गृहस्थ धोरणी. त्यांनी ‘घरी विचार करतो’ असे सांगून स्कॅनची फाइल आणि क्ष-किरण चित्रे मागून घेतली, आणि दुसऱ्या अनुभवी दंतवैद्यांना दाखवली. त्यांच्या मते दोन दाढांना कॅप आवश्यक होत्या, दोहोंना साधे भरण पुरेसे होते आणि एका दाढेवर सध्या केवळ लक्ष ठेवायचे होते. पहिल्या डॉक्टरांनी लबाडी केली असे मी म्हणणार नाही. दोन प्रामाणिक डॉक्टरांची मतेही भिन्न असू शकतात. मात्र ही भिन्नता कळली ती फाइल हातात होती म्हणून. पूर्वी माप प्लास्टरचे असे आणि दवाखान्याच्या फळीवर राही. आता ते खातेउताऱ्यासारखे आपल्यासोबत येऊ शकते. संगणकीय दंतोपचाराने रुग्णाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती, असे मला विचाराल तर मी या फाइलचे नाव घेईन.

येथे आपल्याच समाजातील तरुण दंतवैद्यांशी दोन शब्द बोलतो. कारण आता पुष्कळ व्यापारी घरांतील मुले-मुली या व्यवसायात आहेत. स्कॅनरची किंमत लाखांत असते, कोरण्याचे यंत्र आणि भट्टी घेतली तर आकडा आणखी वाढतो. मुदत कर्जाच्या प्रकल्प अहवालात उत्पन्नाच्या रकान्यात ‘दरमहा अमुक कॅप’ असे लिहिलेले असते. सेवेत असताना मी असे अहवाल तपासत असे. बँकेच्या दृष्टीने तो परतफेडीच्या क्षमतेचा आकडा. परंतु त्यातला प्रत्येक एकक हा कोणाच्या तरी तोंडातील दात असतो. यंत्राचा हप्ता ठरलेल्या तारखेला येतो, कीड ठरलेल्या तारखेला येत नाही. हप्त्याच्या दडपणाखाली भरणाच्या जागी कॅप दिसू लागण्याचा धोका प्रत्येक प्रामाणिक डॉक्टरने ओळखून ठेवावा. त्यावर उपाय आहेत. प्रथम केवळ स्कॅनर घ्यावा आणि कोरण्याचे काम प्रयोगशाळेकडे सोपवावे. दोघा-तिघांनी मिळून यंत्र घ्यावे. आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी मुलाला किंवा सुनेला मोठे कर्ज घ्यायला लावण्याआधी दवाखान्याच्या गावची लोकसंख्या आणि गरज पाहावी. दुकान मांडण्यापूर्वी आपण गिऱ्हाईक पाहतो. येथेही तेच, पण गिऱ्हाईक वाढवण्याचा मोह मात्र येथे वर्ज्य.

आता रुग्णाच्या पैशाची बाजू. अनेक दवाखाने ‘बिनव्याजी हप्त्यांची’ सोय देतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याजाच्या योजनांत व्याज पुष्कळदा प्रक्रिया शुल्काच्या आड दडवलेले असते. म्हणून रोख दिल्यास किती सूट, हा प्रश्न आधी विचारावा. ती सूट हेच बहुधा दडलेले व्याज. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तीय कंपन्यांना नव्या किरकोळ कर्जाबरोबर ‘मुख्य तथ्य पत्रक’ देणे बंधनकारक झाले आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक खर्चाची टक्केवारी असते. सही करण्यापूर्वी तो एकच आकडा वाचला तरी पुरे. बहुतेक आरोग्य विम्यांत अपघाताखेरीज दंतोपचाराचा खर्च मिळत नाही, हेही गृहीत धरावे. ज्यांचे वय ६० किंवा अधिक आहे आणि ज्यांचा आरोग्य विमा नाही, त्यांना प्राप्तिकर कायद्याने, जुनी करप्रणाली निवडल्यास, वैद्यकीय खर्चावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट दिली आहे. मात्र पैसे रोखीने दिलेले नसावेत. म्हणून पावती घ्यावी आणि रक्कम बँकेमार्फत द्यावी. पावतीचा दुसरा उपयोग असा की १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते. पण दाद मागायची तर कागद हवा.

कॅपसोबत मिळणाऱ्या हमीपत्राविषयीही स्पष्टता असावी. पाच, दहा, पंधरा वर्षांची हमी ही बहुधा कॅप तुटण्याविषयी असते. तिच्याखालच्या दाताला कीड लागली तर ती लागू पडत नाही. हमीपत्र प्रयोगशाळेचे मूळ असावे, त्यावर क्रमांक आणि पदार्थाचे नाव असावे. सोन्यावर आपण हॉलमार्क पाहतो, तसाच हा पाहावा. बसवताना डॉक्टरांनी झिर्कोनियाची कॅप घासून जुळवली असेल, तर ती पुन्हा गुळगुळीत केली आहे ना, हे विचारावे. खरखरीत झिर्कोनिया समोरचा दात झिजवतो.

आपल्या आहार-विचाराशी निगडित एक बाब सांगणे आवश्यक वाटते. झिर्कोनिया हे खनिज आहे. केरळ, तामिळनाडू आणि ओडिशाच्या किनारी वाळूत त्याचे मूळ खनिज सापडते. कॅपबाबत म्हणूनच शंका घेण्याचे कारण नाही. परंतु इम्प्लांटच्या वेळी हाड कमी पडल्यास जी हाडाची भुकटी आणि जे आवरण वापरतात, ते पुष्कळदा गाय किंवा डुक्कर यांच्यापासून केलेले असते. टाक्यांचा ‘कॅटगट’ दोराही प्राण्यांच्या आतड्यापासून होतो, आणि रेशमी दोरा रेशीमकिड्यापासून. यांना कृत्रिम पर्याय उपलब्ध आहेत. रुग्णाचे स्वतःचे हाडही काही वेळा वापरता येते. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी हे विचारले तर डॉक्टर पर्याय सुचवू शकतात. नंतर विचारून मनस्तापाखेरीज काही हाती लागत नाही.

ज्यांना खासगी दर परवडत नाहीत, त्यांनी शासकीय दंत महाविद्यालयांची वाट धरायला संकोच करू नये. नागपूरचे महाविद्यालय १९६८ पासून आणि आपल्याला जवळचे छत्रपती संभाजीनगरचे १९८२ पासून कार्यरत आहे. तेथे वेळ अधिक जातो, पण शुल्क माफक असते आणि विद्यार्थ्यांच्या कामावर अध्यापकांची नजर असते. दुसरे मत घेण्यासाठीही ही जागा चांगली.

सारांश, दंतवैद्यांकडे जाल तेव्हा पाच गोष्टी विचारा. या दाताला भरण किंवा ऑनले पुरणार नाही का? कॅप न बसवल्यास काय होईल आणि किती काळात? कोणता पदार्थ, आणि तोच का? एकूण खर्च किती, पावतीसह? आणि माझ्या स्कॅनची फाइल व क्ष-किरण चित्रे मला मिळतील का? जे डॉक्टर या प्रश्नांना शांतपणे उत्तरे देतील, त्यांच्याकडे यंत्र जुने असले तरी चालेल. मिळालेली फाइल मुलांकडून पेन ड्राइव्हमध्ये उतरवून घ्या आणि घराच्या खरेदीखताशेजारी, मुदत ठेवींच्या पावत्यांशेजारी ठेवून द्या. तीही तुमच्या मालमत्तेचीच नोंद आहे.